एकही ओ पिशवी जुळेना: बॉम्बे रक्तगटाच्या गरोदर रुग्णाचे प्रकरण

रुग्णाची आणि दात्यांची ओळख पटू नये म्हणून वय, गाव आणि काही तपशील बदलले आहेत. वैद्यकीय घटनाक्रम तसाच ठेवला आहे.

पार्श्वभूमी

रुग्ण २७ वर्षांची, मुंबईच्या पूर्व उपनगरात राहणारी, माहेर दक्षिण कोकणातले. दुसरी खेप, एकतिसावा आठवडा. पहिले बाळंतपण माहेरी, सिझेरियनने झाले होते. तेव्हा रक्त चढवावे लागले नव्हते. या खेपेला सोनोग्राफीत वार खाली, गर्भाशयाच्या तोंडावर आलेली दिसली. आधीचे सिझेरियन आणि खाली आलेली वार एकत्र आली, की प्रसूतितज्ज्ञ आधी रक्ताची सोय विचारतात आणि मग पुढचे बोलतात. त्यात हिमोग्लोबिन ७.६.

वॉर्डातून दोन पिशव्यांची मागणी आली. घाई नव्हती, सकाळी एक चढवू, असा बेत होता. कागदावर रक्तगट ओ पॉझिटिव्ह. पहिल्या बाळंतपणाच्या फाइलवर ओ पॉझिटिव्ह, नोकरीच्या ओळखपत्रावर ओ पॉझिटिव्ह, या वेळच्या गरोदरपणाच्या कार्डावरही तेच. तीन कागद एकच सांगतात म्हणून खात्री वाटते, पण चौकशी केल्यावर कळले की तपासणी एकदाच झाली होती. बाकीचे दोन कागद त्यावरून उतरवलेले.

अडचण

नमुना संध्याकाळी आमच्या रक्तपेढीत आला. रक्तगट दोन बाजूंनी तपासतात. रुग्णाच्या तांबड्या पेशींवर ए आणि बी ओळखणारी प्रतिपिंडे, म्हणजे अँटी-ए, अँटी-बी, टाकून बघायची, ही सरळ तपासणी. रुग्णाचा रक्तद्रव ए आणि बी गटाच्या ओळखीच्या पेशींवर टाकून बघायचा, ही उलट तपासणी. दोन्ही उत्तरे एकमेकांना जुळली पाहिजेत. इथे सरळ तपासणीत काहीच पुंजके नाहीत, उलट तपासणीत ए आणि बी दोन्हींशी कडक पुंजके, आरएचसाठीची अँटी-डी तपासणी पॉझिटिव्ह. ओ पॉझिटिव्हचे अगदी पुस्तकी चित्र.

मग क्रॉसमॅच लावला, म्हणजे रुग्णाचा रक्तद्रव पिशवीतल्या पेशींशी मिसळून बघितला. पहिली ओ पॉझिटिव्ह पिशवी जुळली नाही; पुंजके फोर प्लस, म्हणजे सगळ्या पेशींचा एकच गोळा. दुसरीही तशीच. रात्रपाळीच्या टेक्निशियनने फ्रिजमधल्या आणखी चार काढल्या. सगळ्यांचे तेच. ३७ अंशांवर ठेवलेल्या नळ्यांमध्ये वरचा द्रव गुलाबी दिसू लागला होता, म्हणजे पेशी नुसत्या चिकटत नव्हत्या, फुटत होत्या. रुग्णाचा रक्तद्रव तिच्याच पेशींशी लावून बघितला तर तिथे मात्र सगळे शांत.

वॉर्डातल्या निवासी डॉक्टरांचा फोन आला. "सर, त्यातल्या त्यात जी कमी विजोड असेल ती द्या. आम्ही हळूहळू चढवतो, बाजूला बसून."

ही सूचना बिनबुडाची नव्हती. रुग्णाने स्वतःच्याच पेशींविरुद्ध प्रतिपिंडे तयार केली असतील तर जगातली कुठलीच पिशवी जुळत नाही, आणि जीव वाचवायला त्यातल्या त्यात बरी पिशवी द्यावी लागते. पण त्या आजारात रुग्णाचा रक्तद्रव स्वतःच्या पेशींनाही सोडत नाही. इथे स्वतःच्या पेशींशी तो शांत होता आणि दुसऱ्यांच्या ओ पेशी फोडत होता. म्हणजे तिच्या पेशींवर नसलेली आणि जवळजवळ सगळ्या माणसांच्या पेशींवर असलेली अशी कुठली तरी खूण तिचे शरीर ओळखत होते. अशा वेळी ‘कमी विजोड’ पिशवी म्हणजे चढवता चढवता रक्तवाहिन्यांत पेशी फुटणे, मूत्रपिंडे बंद पडणे, आणि पोटात एकतीस आठवड्यांचे बाळ.

पहिला निर्णय म्हणून तसा सोपा होता: रक्त द्यायचे नाही. तो सोपा होता कारण तिला रक्तस्राव होत नव्हता. तीच बाई रात्री दोन वाजता स्ट्रेचरवर रक्ताच्या थारोळ्यात आली असती, तर वरचा सगळा तर्क करायला पंधरा मिनिटेसुद्धा मिळाली नसती.

निदान

सकाळी उलट तपासणी पुन्हा लावली, या वेळी ए आणि बी पेशींसोबत ओ पेशीही घेऊन. रात्रपाळीत ओ पेशींची नळी लावायची पद्धत नव्हती. ओ पेशींवर ए नसते, बी नसते. खऱ्या ओ गटाच्या माणसाचा रक्तद्रव त्यांना हात लावत नाही. इथे फोर प्लस.

मग अँटी-एच लेक्टिन. युरोपातल्या युलेक्स नावाच्या पिवळ्या फुलांच्या काटेरी झुडपाच्या बियांपासून काढलेले हे प्रथिन एच प्रतिजनाला, म्हणजे ए आणि बी ज्यावर बसतात त्या मूळ खुणेला, धरते. शेजारच्या नळीतल्या साध्या ओ पेशी त्याने लगेच गोळा केल्या. रुग्णाच्या पेशी तशाच मोकळ्या राहिल्या. लाळेतही एच पदार्थ मिळाला नाही. नमुना परळच्या राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेकडे पाठवला. १९५७ साली रक्तगट संदर्भ केंद्र म्हणून सुरू झालेली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) ही संस्था अशा नमुन्यांसाठी देशभरातल्या रक्तपेढ्यांची हक्काची जागा आहे. तिथूनही तेच आले: बॉम्बे रक्तगट, आरएच पॉझिटिव्ह.

ज्या शहरात हा गट पहिल्यांदा ओळखला गेला, त्याच शहरात तो ‘ओ पॉझिटिव्ह’ म्हणून इतकी वर्षे कागदोपत्री फिरत राहावा, हे चमत्कारिक खरे. १९५२ साली डॉ. भेंडे, डॉ. देशपांडे आणि डॉ. भाटिया यांनी मुंबईत सापडलेल्या या रक्ताचे वर्णन रेस, सँगर, मॉर्गन आणि वॉटकिन्स या इंग्लंडमधल्या शास्त्रज्ञांसह ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केले. भारतात साधारण दहा हजारांत एक जण या गटाचा निघतो, युरोपात दहा लाखांत एक. रुग्णाच्या दिराने विचारले, की मुंबईत जन्मलेल्यांनाच हा होतो का. आमच्याकडे नंतर जे फोन आले त्यांत निम्मे याच गैरसमजाचे होते: "मी पण मुंबईचाच, माझं रक्त चालेल ना?"

एच म्हणजे काय, आणि नसणे धोक्याचे का

तांबड्या पेशीच्या पृष्ठभागावर साखरेच्या कणांच्या साखळ्या असतात. साखळीच्या टोकाच्या गॅलॅक्टोजला फ्यूकोज नावाची साखर जोडली की एच प्रतिजन तयार होतो. हे काम करणारे विकर (एन्झाइम) एकोणिसाव्या गुणसूत्रावरच्या एफयूटी-१ या जनुकामुळे बनते. पुढचे काम नवव्या गुणसूत्रावरच्या एबीओ जनुकाचे. ते ए प्रकारचे असेल तर एचवर आणखी एक विशिष्ट साखर बसवते, बी प्रकारचे असेल तर गॅलॅक्टोज बसवते. ओ प्रकारच्या जनुकात बहुधा एकच अक्षर गळालेले असते. विकर निकामी होते आणि एच तसाच उघडा राहतो. म्हणून ओ गटाच्या पेशींवर एच सर्वांत जास्त असतो.

आता एफयूटी-१ दोन्ही बाजूंनी, आईकडून आणि बापाकडून, नादुरुस्तच आले तर? एच बनतच नाही. मग नवव्या गुणसूत्रावर ए असो वा बी, खुंटीच नाही तर सदरा टांगणार कुठे? सरळ तपासणीत असे रक्त ओसारखेच दिसते. भारतातल्या बॉम्बे गटाच्या बहुतेक लोकांत एफयूटी-१ मधला एक ठरावीक बदल सापडतो, ज्यामुळे विकराच्या २४२व्या जागी ल्यूसिनऐवजी आर्जिनिन येते. शेजारचे एफयूटी-२ जनुकही त्यांच्यात गळालेले असते, म्हणून लाळेतही एच नसतो. या रुग्णाची जनुकीय तपासणी आम्ही केली नाही. उपचारात तिने काही बदलले नसते.

प्रतिपिंडांचा भाग जास्त महत्त्वाचा. आरएच निगेटिव्ह बाईला अँटी-डी तयार व्हायला आधी पॉझिटिव्ह रक्ताशी संबंध यावा लागतो. एबीओचे तसे नाही. आतड्यातल्या जंतूंच्या अंगावरही अशाच साखरा असतात, आणि जी साखर आपल्याकडे नाही तिच्याविरुद्ध शरीर तान्हेपणापासूनच प्रतिपिंडे बनवू लागते. बॉम्बे गटात अँटी-ए, अँटी-बी आणि अँटी-एच तिन्ही असतात. यातला अँटी-एच शरीराच्या तापमानालाही जोरात काम करतो आणि पूरक प्रथिनांना कामाला लावून पेशी फोडतो. त्यामुळे पहिल्यांदाच चढवलेली ओ पिशवीही जीव घेऊ शकते. "आधी कधी रक्त घेतलेलं नाही, मग कशाला काळजी" हा दिलासा इथे लागू होत नाही.

समोरचे पर्याय

हाताशी सहा आठवडे होते, कारण सिझेरियन सदतिसाव्या आठवड्यात ठरले. वार सुटून त्याआधीच रक्तस्राव सुरू होण्याची शक्यता अर्थात होतीच.

रक्त चढवून हिमोग्लोबिन वाढवायचे, हा मूळ बेत होता. तो आता मागे पडला. ७.६ हा आकडा एकतिसाव्या आठवड्यात वाईट आहे, पण लोहाने भरून निघण्यासारखा आहे. जी पिशवी बाळंतपणात लागेल ती आत्ता खर्च करण्यात अर्थ नव्हता. पेशी लहान, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) कमी, थॅलेसेमियाची तपासणी नॉर्मल. म्हणजे साधी लोहाची कमतरता. वजन ५२ किलो. हिशेबाने एकूण तूट साडेनऊशे मिलिग्रॅमच्या आत येत होती. शिरेतून फेरिक कार्बॉक्सिमाल्टोज हे लोह ५०० मिलिग्रॅम, आठवड्याने पुन्हा ५००, सोबत बी-१२ आणि फॉलिक अ‍ॅसिड, असे ठरले. गोळ्या ती आधीपासून घेतच होती, म्हणजे घेते असे सांगत होती.

तिचे स्वतःचेच रक्त काढून ठेवण्याचा विचार एका बैठकीत निघाला आणि तिथेच संपला. त्यासाठी हिमोग्लोबिन किमान ११ लागते. ग्लिसरॉल घालून गोठवलेल्या पिशव्या दहा वर्षे टिकतात, पण अशी सोय मोजक्या ठिकाणी असते, आणि वितळवून, धुऊन पिशवी हाती यायला वेळ जातो. धुतल्यावर २४ तासांत वापरावी लागते. पहाटेच्या रक्तस्रावाला तिचा उपयोग बेताचाच. शस्त्रक्रियेत सांडलेले रक्त गोळा करून, धुऊन परत देणारे यंत्र मात्र नक्की वापरायचे ठरले आणि सदतिसाव्या आठवड्यातल्या तारखेसाठी ते नोंदवून ठेवले.

राहिले दाते.

भाऊ, बहीण आणि महाराष्ट्र दिनाचे शिबिर

रुग्णाच्या वडिलांचे लग्न मामाच्या मुलीशी झालेले. एकाच पूर्वजाकडून आलेले नादुरुस्त एफयूटी-१ दोघांकडे एकेक, आणि दोघेही वरकरणी अगदी सामान्य: वडील बी, आई ओ. अशा जोडप्याच्या प्रत्येक मुलाला बॉम्बे गट मिळण्याची शक्यता चारात एक. तीन भावंडे होती; त्यांतले निदान एक तरी जुळण्याची शक्यता निम्म्याहून थोडी जास्त निघते. म्हणून दुर्मीळ गटाच्या रुग्णाची भावंडे आधी तपासायची, समाजमाध्यमे नंतर.

धाकटा भाऊ बी निघाला. मोठा भाऊ आणि बहीण दोघेही बॉम्बे. बहिणीचे हिमोग्लोबिन १०.८ आणि अंगावर पिणारे मूल, ती बाद. मोठा भाऊ तिशीतला, धडधाकट, कोल्हापूरला नोकरीला. आनंदाने तयार. मग त्याने सहज सांगितले, की रक्तदान त्याला नवे नाही, दोनदा झाले आहे, अगदी १ मेच्या शिबिरातसुद्धा.

त्या दोन्ही पिशव्या ‘ओ पॉझिटिव्ह’ म्हणून गेल्या होत्या. कुणाला अपाय झाला नसणार, कारण ज्या पेशींवर ए, बी, एच काहीच नाही त्या घेणाऱ्याच्या प्रतिपिंडांना दिसतही नाहीत. क्रॉसमॅचमध्येही ही चूक कधी सापडत नाही, कारण क्रॉसमॅच घेणाऱ्याचा रक्तद्रव दात्याच्या पेशींशी लावतो. देताना हा माणूस कुठेही खपून जातो. घेताना मात्र अडतो. दहा हजारांत एक असलेली पिशवी कुणा ओ गटाच्या रुग्णाला, जिला वा ज्याला फ्रिजमधली कुठलीही चालली असती, चढवून मोकळे झालेले.

पुरुष दात्यासाठी दोन रक्तदानांत ९० दिवसांचे अंतर लागते. निदान जुलैच्या पहिल्या आठवड्यात झाले. भावाचे ९० दिवस ३० जुलैला भरत होते, म्हणजे रुग्णाचा पस्तिसावा आठवडा. नियम वाकवून आधी घ्यावे का, अशी चर्चा झाली. तसे केले नाही. अपवाद करायचाच झाला तर तो प्रत्यक्ष रक्तस्रावाच्या रात्री करावा, सोयीसाठी नव्हे.

भावाच्या पिशवीला आणखी एक अट होती. जवळच्या नातेवाइकाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी रुग्णाच्या शरीराला परक्या वाटत नाहीत. त्या तिथे रुजतात आणि उलट रुग्णावरच हल्ला करतात. हा प्रकार विरळा, पण झाला तर बहुधा प्राणघातक. आईवडील आतेमामेभावंडे असताना तर तो धोका अधिकच. म्हणून अशी पिशवी, त्या पांढऱ्या पेशी निकामी करायला, किरणोत्सर्ग देऊनच वापरायची. ‘घरचं रक्त सगळ्यांत चांगलं’ या समजुतीच्या हे बरोबर उलट आहे आणि घरच्यांना पटवायला वेळ लागतो. किरणोत्सर्गानंतर पेशींतून पोटॅशियम जास्त झिरपते आणि पिशवी जास्तीत जास्त २८ दिवस टिकते, म्हणून ते देण्याच्या सुमारास करायचे असे ठरले.

दुर्मीळ गटाच्या दात्यांच्या नोंदणीतून दोन दाते मिळाले. एक मुंबईतलाच, दुसरा रायगड जिल्ह्यातला. इथे दुसरा खरा निर्णय होता: रक्त काढून फ्रिजमध्ये ठेवायचे की दात्याला ‘तयार राहा’ सांगून थांबायचे? पिशवी ४२ दिवस टिकते. लवकर काढली तर बाळंतपणाआधी मुदत संपायची भीती, आणि तो दाता पुढचे तीन महिने कुणाच्याच उपयोगाचा नाही. दात्यावर विसंबले तर यायचा वेळ, वर एचआयव्ही, बी आणि सी या दोन्ही कावीळ, सिफिलिस, मलेरिया या सक्तीच्या तपासण्यांचा वेळ. ऑगस्ट तोंडावर होता. शीव-कुर्ल्याला रुळांवर पाणी आले की ठाण्याचा माणूस परळला पोचत नाही, तिथे फोनवर हजर असलेल्या दात्याचे काय सांगावे! मुंबईच्या दात्याची पिशवी तेहतिसाव्या आठवड्यात काढली, भावाची पस्तिसाव्यात. रायगडचा राखीव.

मधला फोन

भावाने रक्त दिल्यानंतर तीन दिवसांनी दुसऱ्या जिल्ह्यातल्या रुग्णालयातून फोन आला. अपघातातला तरुण, बॉम्बे गट, शस्त्रक्रिया झाली आहे, हिमोग्लोबिन ४.८, रक्तस्राव पुरता थांबलेला नाही. तुमच्याकडे दोन पिशव्या आहेत असे नोंदणीतून कळले.

प्रसूतितज्ज्ञ मॅडमचे म्हणणे स्वच्छ होते: माझी रुग्ण कुठल्याही रात्री रक्तस्रावाने येऊ शकते, दोन पिशव्या हे तिच्यासाठी कमीत कमी आहे, एकही द्यायची नाही. रायगडच्या दात्याला तिकडे पाठवा. भूलतज्ज्ञ त्यांच्या बाजूचे. माझे मत वेगळे होते. दात्याला तिकडे पाठवून, रक्त काढून, तपासून ते हाती यायला दीड दिवस गेला असता. पेटीतली पिशवी गाडीने पाच-सहा तासांत पोचत होती. एका माणसाला आत्ता गरज आहे आणि दुसऱ्या बाईला कदाचित लागेल, यात मला आत्ताची गरज जड वाटत होती. अट एकच, की रायगडच्या दात्याने त्याच दिवशी मुंबईला निघावे.

कुठली पिशवी द्यायची, हा प्रश्न त्यातून निघाला. आधी सगळ्यांच्या बोलण्यात जुनी पिशवी होती, मुंबईच्या दात्याची, कारण तिची मुदत आधी संपते. मग आमच्या निवासी डॉक्टरने लक्षात आणून दिले, की भावाची पिशवी फक्त बहिणीसाठी धोक्याची आहे. त्या अनोळखी तरुणाला ती किरणोत्सर्गाशिवाय चालेल, आणि मुंबईच्या दात्याची पिशवी आमच्या रुग्णाला किरणोत्सर्गाशिवाय चालेल. अदलाबदल केली तर दोघांचाही फायदा.

पण भावाने रक्त बहिणीसाठी दिले होते. त्याला फोन केला. तो थोडा वेळ बोलला नाही, मग म्हणाला, "तिला कमी पडणार नाही एवढं बघा." आईची समजूत काढायला मात्र त्यालाच दोन दिवस लागले. पिशवी संध्याकाळी निघाली. रायगडचा दाता दुसऱ्या दिवशी यायचा होता. पाऊस, बंद पडलेली गाडी, आणि तो एक दिवस उशिरा, ४ ऑगस्टला पोचला. हिमोग्लोबिन १३.१. रक्त घेतले, तपासण्या झाल्या, ५ तारखेला पिशवी फ्रिजमध्ये आली. त्या तीन दिवसांत रुग्णासाठी मुंबईत एकच पिशवी होती.

परिणाम

८ ऑगस्टच्या पहाटे, छत्तीस आठवडे दोन दिवसांवर, रुग्णाला रक्तस्राव सुरू झाला. तोवर लोहाने हिमोग्लोबिन १०.४ वर आणले होते, आणि माझ्या मते या प्रकरणातले सर्वांत मोलाचे काम त्याने केले. तातडीने सिझेरियन झाले. वार सुटताना रक्त बरेच गेले, अंदाजे दीड लिटर. ट्रॅनेक्सामिक अ‍ॅसिड, गर्भाशय आकुंचन पावण्याची औषधे, आतून दाब देणारा फुगा हे सगळे वापरले. रक्त धुऊन परत देणारे यंत्र सहा दिवसांनंतरच्या तारखेला नोंदवलेले. पहाटे ते चालवणारा माणूस नव्हता. दोन्ही पिशव्या चढवल्या. कुठलीही प्रतिक्रिया आली नाही. दुसऱ्या दिवशी हिमोग्लोबिन ८.१.

मुलगा, २.४ किलो, रक्तगट बी पॉझिटिव्ह. आईच्या प्रतिपिंडांतली काही वारेतून पार गेली होती; पेशींना चिकटलेली प्रतिपिंडे शोधणारी बाळाची कूम्ब्स तपासणी किंचित पॉझिटिव्ह आली आणि कावीळ वाढली. दोन दिवस निळ्या दिव्याखाली ठेवल्यावर उतरली. अँटी-एच बहुतांशी मोठ्या आकाराच्या, वार न ओलांडणाऱ्या प्रकारचा असतो, त्यामुळे याहून जास्त त्रास अपेक्षित नव्हता.

अपघातातल्या तरुणाला पिशवी वेळेत मिळाली. पुढची त्यांच्या भागातल्या दात्याकडून मिळाली आणि तो घरी गेला, एवढे कळले.

घरातला प्रश्न

नवऱ्याचा रक्तगट ओ. बायकोचा, कागदावर, ओ. बाळ बी. आणि थोरली मुलगी, चार वर्षांची, तीही बी. शाळेच्या ओळखपत्रावर तसे छापलेले. त्यावरून घरात पूर्वी काय बोलले गेले असेल ते रुग्णाने नंतर आमच्या सिस्टरला सांगितले. ते इथे लिहिण्याची गरज नाही.

उत्तर वर आलेच आहे. तिला वडिलांकडून बी जनुक मिळाले होते. तिच्या स्वतःच्या पेशींवर ते दिसत नव्हते. मुलांना बापाकडून धड एफयूटी-१ मिळाले, एच तयार झाला, आणि आईचे झाकलेले बी तिथे उघड झाले. ओ आणि ओ यांचे मूल बी, हे बॉम्बे गटाने उलगडणारे कोडे आहे.

हे कुणाला, कसे सांगायचे, यावर आम्ही थांबलो. रक्तगटाचा अहवाल तिचा आहे. आधी तिला एकटीला समजावले. तिनेच सांगितले, की नवरा आणि सासूबाई दोघांसमोर, चित्र काढून सांगा. तसे केले. सासूबाईंनी पूर्ण ऐकून घेतले आणि विचारले, "म्हणजे हिचं रक्त बीच, पण दिसत नाही?" त्यांना याहून अचूक वाक्य मी शिकवू शकलो नसतो.

वेगळे काय करता आले असते

उलट तपासणीत ओ पेशींची एक नळी जास्त. खर्च नगण्य. ती पहिल्याच गरोदरपणात लागली असती तर हे सगळे चार वर्षे आधी कळले असते, आणि भावाच्या शिबिरात लागली असती तर त्याच्या दोन पिशव्या वाया गेल्या नसत्या. आता आमच्याकडे प्रत्येक पाळीत ती लागते, दात्यांसाठीही.

इतिहास घेताना आधीच्या मुलाचा रक्तगट विचारला जात नाही. इथे तो विचारला असता तर क्रॉसमॅचच्या आधीच संशय आला असता. गरोदरपणाच्या कार्डावर नवऱ्याचा रक्तगट लिहायला जागा असते, मुलाचा लिहायला नसते.

यंत्र, माणसे, पिशव्या, सगळी तयारी ठरलेल्या तारखेला बांधलेली होती. खाली आलेली वार तारीख बघत नाही. चौतिसाव्या आठवड्यापासून रात्रीची यादी तयार असायला हवी होती: यंत्र कोण चालवेल, किरणोत्सर्गाची सोय रात्री कुठे सुरू असते.

भावाची संमती फोनवर, घाईत घेतली गेली. नात्यातल्या दात्याकडून रक्त घेतानाच, ही पिशवी दुसऱ्या गरजूला गेली तर चालेल का, हे शांतपणे विचारून लिहून घेता येते. तेव्हा ‘नाही’ म्हणणेही सोपे असते.

पिशवी देण्याच्या निर्णयावर मात्र आमचे अजून एकमत नाही. प्रसूतितज्ज्ञ मॅडम म्हणतात, रायगडचा दाता आणखी चार दिवस अडकला असता तर आमच्या हाती एकच पिशवी असती आणि तिला दोन लागल्या. हिशेब बरोबर आहे. मी त्यांना त्या तरुणाचा ४.८ आकडा सांगतो. तो त्यांच्या वॉर्डात नव्हता, असे त्या म्हणतात, आणि तेही बरोबर आहे.